कथेकरीभाऊंचा वायरलेस

कथेकरीभाऊ वायरलेसवर बोलले, की त्यांचं बोलणं आपल्या तोंडून पुन्हा म्हणून दाखवल्याशिवाय सुटका नसे. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. नव्वदच्या दशकात आमच्या ऑफिसच्या दोन जीपा गडचिरोलीच्या आतल्या गावांना औषधं पोचवायच्या. एक ते चालवत, दुसरी मी. आत शिरलं की ऑफिसशी बोलणं तुटे, पण जीपला जीप ऐकू येई.

बाकीचे लोक कामापुरता निरोप देत. भाऊ गाडीची सगळी हकीकत लावत. कुठे उभे आहेत, क्लच कसा लागतो आहे, नाल्याला पाणी किती आहे. शेवटी ठरलेलं, "माया मांगं म्हन." मी म्हणायचो. एखादा शब्द गळला की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही त्यांना कथेकरी म्हणायचो ते उगाच नाही.

एकदा मी वैतागलोच. "भाऊ, लॉगबुकात लिवता ना सारं? मंग मले काऊन पिडता?"

"लॉगबुक कुठी रायते? गाडीतच ना. गाडी गेली का तेबी गेलं," ते म्हणाले. "माया गाडीची गोष्ट तुया गाडीत पाह्यजे, अन् तुयी मायाजवळ. नुसतं हो हो करू नको. तू म्हनून दाखोलं का मंग मले समजते, पोचलं."

ही खोड घरातही होती. घराबाहेर पडताना चावी कुठे, मालाची बिल्टी कुठे, सगळं ते वहिनींकडून वदवून घेत. वहिनीही काही कमी नव्हत्या. मी जेवायला गेलो असता वाढता वाढता त्या म्हणाल्या, "आज भाजीत तिखट जास्त पडलं. म्हना माया मांगं." भाऊंनी गंभीर चेहऱ्यानं ते म्हटलं आणि पुढचा घास घेतला. मला ठसका लागला.

मग तो पावसाळा आला. भामरागडच्या अलीकडच्या नाल्याला भर दुपारी पूर आला होता. भाऊ पुढे गेले होते, मी मागच्या गावात पंक्चर झालेलं चाक बदलत होतो. त्यांचा आवाज आला. "पुलावरून पानी चाललं. मी गाडी घालत नाई. अलीकडं मोहाखाली लावली. हँडब्रेक धरून नाई राह्यला, चाकाले गोटे लावले. पानी उतरेपर्यंत इथीच बसतो. माया मांगं म्हन." मी शब्दन् शब्द म्हटला. "बराबर," ते म्हणाले. त्यानंतर वायरलेस गप्प झाला.

पाणी ओसरल्यावर जीप नाल्यात बरीच खाली सापडली. भाऊ आतच होते. लॉगबुकाचा लगदा झाला होता.

चौकशीला आलेल्या साहेबांनी सरळ अर्थ काढून शेरा लिहिला: ड्रायव्हरनं घाईनं पुरात गाडी घातली. वहिनी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून हे ऐकत होत्या. उभ्या आयुष्यात पाण्याशी आगाऊपणा न केलेला माणूस कागदावर बेफिकीर ठरणार होता. मला ते सहन झालं नाही. मी आत जाऊन भाऊंचं शेवटचं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"इतकं तंतोतंत कसं आठवतं?" साहेबांनी विचारलं.

"त्यांनी म्हणून घेतलं होतं, साहेब."

साहेबांचा विश्वास बसला नव्हता, पण ते माझ्याबरोबर नाल्यावर आले. पुलाच्या अलीकडचा काठ खचून गेला होता. मोहाचं झाड जागेवर नव्हतं. जीप जिथे अडकली होती, तिथेच ते मुळांसकट आडवं पडलेलं होतं. जीप पुरात घातली नव्हती. उभ्या जीपखालची जमीनच गेली होती. साहेबांनी आपला शेरा खोडला.

मी परत येऊन वहिनींना हे सांगितलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, ते काय बोलले ते मलेबी सांगा. तुमच्या एकट्याजवळ नको राहू द्या."

मी सांगत गेलो, त्या मागून म्हणत गेल्या. "पानी उतरेपर्यंत इथीच बसतो" इथे त्यांना पुढे म्हणवेना. त्या थांबल्या, डोळ्यांना पदर लावला. मी म्हटलं, वहिनी, राहू द्या आता.

"नाई," त्या म्हणाल्या. "मोहाखाली म्हनाचं राह्यलं मायं. पयल्यापासून सांगा."