सफाईचं अवजार आणि चारचा ट्रक

माझ्या दुकानातलं मशीन लिनक्सवर चालतं. कावून, ते मला विचारू नका. मशीन जुनं, नवं घ्यायची ऐपत नव्हती, आणि चौसाळ्याचा दुरुस्तीवाला भाई म्हणाला, "ताई, ह्याच्यात हे टाकून देतो. दहा वर्षं बघायचं काम न्हाई." वर त्यानं सफाईचं एक अवजारही बसवून दिलं. आपोआप चालायचं, कचरा काढायचं, जागा मोकळी करायचं. ते बनवणाऱ्यांनी त्याच्याकडं बघायचं कधीच सोडून दिलेलं. पण चालतंय ना, मग कशाला हात लावा, असं माझं.

माझं दुकान शिरूर कासारला. झेरॉक्स काढायची, फॉर्म भरायचे. दसरा झाला की आमच्याकडची निम्मी घरं ऊसतोडीला निघतात. तिकडं कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात, कागद भिजतात, उंदीर कुरतडतात, म्हणून बायका जायच्या आधी सगळे कागद माझ्या मशीनमधे स्कॅन करून ठेवतात. मग कर्नाटकातून फोन येतो, "ताई, आमचं रेशनकार्ड पाठवा." मी पाठवते. ह्या कामाचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

त्या शुक्रवारी बाराच्या सुमाराला एक बाई सहावीतल्या पोरीला घेऊन आली. पोरीला इथल्या वसतिगृहात ठेवायचं होतं. आजी होती तोवर पोर गावात राहायची, आजी उन्हाळ्यात गेली. आता वसतिगृहात जागा मिळाली तर पोरीची शाळा, नाहीतर आईबापासंगं उसाच्या फडात. शाळेचा दाखला मागच्या साली कोपीत भिजून लगदा झालेला. दुसरी प्रत काढावी तर मुख्याध्यापक चार दिवस ट्रेनिंगला. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, दाखल्याची झेरॉक्स आणा, लगेच घेते. आणि ती होती फक्त माझ्या मशीनमधे. मुकादमाचा ट्रक स्टँडवरून चारला निघणार होता.

"बसा," म्हणलं, "दोन मिनिटाचं काम."

पासवर्ड टाकला. पडदा लुकलुकला आणि पुन्हा पासवर्डच मागायला लागला. परत टाकला. परत तेच! दहा वेळा टाकला. मेलं मला ओळखत असून दारातून हाकलत होतं.

हे कशानं झालं ते मला कळलं, आणि डोकंच फिरलं. खंडेनवमीला सकाळी मी मशीनचं अपडेट लावलं होतं. पडद्यावर मोठ्या अक्षरात, बंद करू नका. मी आंघोळीला गेले. आमचे हे आले हळदीकुंकवाचं ताट घेऊन. आज हत्यारांचा आराम, चालू मशीनची पूजा करतात होय? म्हणून यांनी मेन स्विच खटकन् खाली. मशीनला हार घातला, नारळ फोडला. अपडेट अर्धं आत, अर्धं बाहेर. त्या दिवसापासून सफाईचं अवजार आजारी होतं, हे मला दिसत होतं. करू पुढच्या आठवड्यात, म्हणत मी टाळलं.

काळा पडदा उघडला. हुकूम टाईप करायचा, उत्तर वाचायचं. उत्तर आलं, डिस्क गच्च भरलीय. म्हणून मशीन उघडत नाही. बरं, मग सफाईचं अवजार चालव. तर ते म्हणतं, मी ज्या जुन्या पायथन नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतो ते कुठाय? ते अर्ध्या अपडेटात उडालेलं. बरं बाबा, ते आणून बसवते. तर म्हणतं, बसवायला जागा नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही! भाईला फोन लावला तर बंद. शुक्रवारच्या नमाजाला गेला असणार.

लग्नपत्रिकांची जुनी डिझाईनं उडवली. जागा झाली. पायथन आणायला घेतलं, निम्म्यात आलं आणि डिस्क पुन्हा भरली. कोण खातंय ही जागा? भूतबित हाय का आत? पुन्हा उडवलं, पुन्हा भरली. मी इरेला पेटले. ह्या अवजाराला आज सरळ करूनच उठते, म्हणलं. बाकड्यावरून उठून येऊन बाई एकदोनदा "ताई..." म्हणाली. मी वळले पण नाही. "थांबा हो जरा, होतंयच!" असं खेकसलेच मी तिच्यावर. तिचा काय गुन्हा होता?

पावणेचारला भाईचा फोन आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, चार घंटे तुमी त्याला बरं करत बसलात? अहो, तेच तर खातंय! चालायला जातंय, पडतंय, पडलं म्हणून आतल्या नोंदवहीत लिहितंय, परत चालायला जातंय. ती वही लिहून लिहून डिस्क भरलीय. काढून फेका त्याला, वही बी पुसा."

कचरा काढायला ठेवलेलं तेच कचरा करत होतं. मी दोन ओळी टाईप केल्या. अवजार गेलं, वही गेली, मशीन फिरून चालू केलं. एका पासवर्डात उघडलं. दाखला सापडला, छापला. छापताना मी ओरडलेसुद्धा, "झालं बरं का!"

मागं वळून बघितलं तर बाकडं रिकामं.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. शटर तसंच उघडं टाकून, कागद हातात घेऊन मी स्टँडकडं पळाले. चप्पल तुटली, ती तिथंच टाकली. स्टँडवर पानवाला म्हणाला, "ट्रक? आत्ताच गेला की. लेकराबाळासहित सगळे गेले."

तिला फोन लावला. मागं ट्रकचा आवाज, कुणाचं तरी लहान मूल रडत होतं. मी म्हणलं, "दाखला निघालाय हो, माझ्या हातात हाय. पोरीला उतरवा कुठंतरी, मी येते."

"आता कसं उतरवू ताई, मुकादम थांबत न्हाई," ती म्हणाली. चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. "ऱ्हाऊ द्या. पुढच्या साली बघू."

मी म्हणलं, "अहो पण मला हलवून सांगायचं तरी, की निघालो म्हणून!"

ती म्हणाली, "सांगायला आलते की दोनदा. मनात आलतं, तुमाला म्हणावं, येक रात पोरीला तुमच्याकडं ठिवून घ्या, सकाळी कागद झाला की न्या तिला वसतिगृहात. पण तुमी लई कामात होता."