बेल्टचं नवीन भोक

डॉक्टरांनी बेल्ट लावू नका म्हटलं होतं. मी लावला. तोही एकशे चाळीस किलोच्या माणसाचा.

तो माणूस मीच. गोंदियातल्या एका जिममध्ये मी कोच आहे आणि बरीच वर्षं त्या जिममधली सगळ्यात जाड वस्तू होतो. सकाळी लोकांना वजन कमी करायचे धडे द्यायचो आणि बाहेर पडून तर्रीपोहे हाणायचो. शेवटी शुगर, गुडघे आणि बायको अशा तिघांनी मिळून मला नागपूरला नेलं. ऑपरेशन झालं. स्लीव्ह म्हणतात त्याला. जठराचा मोठा भाग कापून टाकतात, उरतं ते केळ्याएवढं. पोट फाडत नाहीत, चार-पाच भोकं पाडून दुर्बिणीने काम करतात.

भोकं वरून लवकर बुजतात. आत मात्र तिथली भिंत बराच काळ कच्ची राहते. माणूस जड वजन उचलताना श्वास कोंडतो, पोटात दाब वाढतो, आणि कच्च्या जागेतून आतडं बाहेर डोकावतं. हाच हर्निया. तो झाला की पुन्हा ऑपरेशन, आणि कोचचं दुकान कदाचित कायमचं बंद. म्हणून गोंदियातले माझे तपासणीचे डॉक्टर टप्प्याटप्प्याने परवानगी देत होते. आधी चालणं, मग हलके डंबेल्स, मग नुसता बार, मग थोड्या प्लेट्स.

"बेल्ट अजून नको," ते म्हणाले होते. "आणि शंभर किलोच्या आधी मला दाखवा."

बेल्ट म्हणजे हातभर... नाही, हातभर नाही, रुंदीला वीतभरही नाही, पण जाड चामड्याचा पट्टा. पुढे स्टीलचा खटका. तो खटकन बंद केला की पोट आवळलं जातं, कमरेला आधार मिळतो आणि अंगात उगाच मर्दुमकी येते.

मी तसा शहाण्यासारखा वागत होतो. घात केला पोलीस भरतीच्या बॅचने. पन्नासेक किलो उतरले होते, चेहरा आंब्याच्या कोयीसारखा झाला होता. सडक अर्जुनीकडची एक पोरगी सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, तुमाले पंख्याखाली उभं राहाले भेव नाही लागत का जी?"

बॅच हसली. मीही हसलो. जिमचे मालक शेठजी हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "उस्ताद, बच्चे बोल रहे हैं कोच बीमार है. एक बार भारी डेडलिफ्ट मारके दिखा दो."

डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहायचं. पूर्वी मी दोनशेच्या वर उचलायचो. शंभर म्हणजे काय, हातचा मळ! घरी जाऊन माळ्यावरचा बेल्ट काढला. तो मला आता कमरेला नाही, गळ्यात घालायच्या मापाचा झाला होता. बाजारात मोच्याकडे नेला.

"नवा घ्या ना साहेब," मोची म्हणाला.

"भोक पाड," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बारवर शंभर चढवले. बॅच गोल उभी. बेल्ट गुंडाळला, नव्या भोकावर आणला, खटका बंद केला. कुठेतरी थोडं टोचलं, पण टाक्यांच्या आसपासची माझी कातडी अजून बधिर आहे, नीट कळत नाही. श्वास कोंडला, बार उचलला, सरळ उभा राहिलो. आणि बेंबीच्या बाजूला, जुन्या टाक्याजवळ, चर्रकन कळ गेली.

बार खाली ठेवला. टाळ्या पडल्या. मी हसत हसत बाथरूममध्ये गेलो आणि टी-शर्ट वर केला. लिंबाएवढा फुगवटा. निळसर.

हर्निया असला तर खोकल्यावर फुगवटा वाढतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी खोकलो. वाढल्यासारखा वाटला. पुन्हा खोकलो. भीतीने नुसता खोकत सुटलो.

बाहेरून शेठजी ओरडले, "उस्ताद, गला खराब है क्या? काढा मँगवाऊँ?"

डॉक्टरांकडे जाताना रिक्षात मी दोन्ही हातांनी पोट धरून बसलो. आतडं सीटवर सांडेल असं वाटत होतं. प्रत्येक खड्ड्याला देवाला शब्द देत होतो. रेल्वे फाटकाशी पोचेपर्यंत मी पोहे, बेल्ट आणि खोटं बोलणं, तिन्ही सोडलं होतं.

डॉक्टरांनी फुगवटा दाबला. खोकायला लावलं. सोनोग्राफी केली. बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले.

"बेल्ट लावला होता?"

"...हो."

"आणलाय?"

पिशवीतून काढून दिला. त्यांनी स्टीलचा खटका माझ्या पोटावर ठेवला. फुगवट्याच्या वर एक लाल रेघ होती. खटका तिच्यावर तंतोतंत बसला.

"भिंत शाबूत आहे," ते म्हणाले. "आतडं आपल्या जागी आहे. तुम्ही स्वतःची कातडी खटक्यात पकडलीत आणि वर शंभर किलो उचलले. हे रक्त साकळलंय. बर्फ लावा."

मी टेबलावर आडवा पडून रडलो की हसलो, आठवत नाही. दोन्ही झालं असावं.

चरबी गेली तरी तिची पिशवी, म्हणजे सैल कातडी, मागे राहते, हे माझ्यासारख्या शिकवणाऱ्याच्या लक्षात यायला हवं होतं. आता आतून घट्ट बनियन खोचतो, बेल्ट खुंटीवर असतो, आणि प्लेट वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारतो. परवा शंभर पुन्हा उचलले, रीतसर. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोटाला काही झालं नाही, एवढं पुरे. जड वजन उचलायला ताकद लागते हे खरं, पण मोच्याचं ऐकायलाही थोडी लागते.

फुगवट्याच्या त्या दिवशी मला पोट धरून रिक्षात बसताना पाहून शेठजींनी घरी फोन केला होता. मी शर्टाची बटणं लावत असताना बायको धापा टाकत दवाखान्यात शिरली. डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं. ती आधी भिंतीला टेकली, डोळे पुसले. मग माझ्याकडे पाहिलं.

तिला धीर द्यायला डॉक्टर म्हणाले, "ही सैल कातडी पुढे ऑपरेशन करून काढता येते."

"नोका काढू जी," बायको म्हणाली. "रिकामी जागा हाये, राहू द्या. यायले कधी अक्कल आली तं ठेवाले कामी येईन."