रील थांबवणारा आंगठा

मंडळी, मरळ धराले नवा रॉड घेतला, तेव्हापासून आमच्या घरी मासा कमी आन दोऱ्याचा गुंता जास्त. आज सकाळी मेडशीजवळच्या तलावावर बायकोले संग नेलं.

लांब जावा म्हणून रीलचा ब्रेक ढिला केला आन गळाले आमिष म्हणून लावलेला प्लास्टिकचा बेडूक जोरात फेकला. बेडूक पाण्यात पडला, पण रील फिरतच राह्यली. दोऱ्याचं पार घरटं झालं. दुसऱ्यांदाही तेच.

बायको म्हणे, "आना इकडं. ब्रेक कायले ढिला केला?"

तिनं ब्रेक जरासा आवळला आन फक्त मनगटानं फेकलं. आंगठा रीलवर होताच. बेडूक पाण्याले टेकला, तशी तिनं रील दाबून थांबवली. एक गाठ नाही.

"कुठं शिकली?" मी इचारलं.

"संक्रांतीले भावायची मांजाची चकरी मीच धरो. पतंग खाली आली का चकरी आंगठ्यानं दाबा लागे, नाहीतर मांजा गुतते. पतंग मात्र मले कोनी उडवू देल्ली नाही."

मंग मी रॉड वापस मांगितलाच नाही. दुपारी मरळ लागली ते तिलेच. मी पिशवी धरून उभा होतो.

तुमच्या घरी चकरी कोन धरते?