मालूने न उचललेला पाला

इरा, ओजस,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, पुढच्या मे महिन्यात आलो की परत ती काजव्यांची बोट बुक करशील ना? आपली प्रायव्हेट?" मी "बघू" म्हणाले आणि तुमच्या जेवणाची चौकशी सुरू केली. फोन ठेवला आणि मला स्वतःचीच शिसारी आली. दोन वर्षं मी तुम्हाला त्या रात्रीबद्दल काही सांगितलेलं नाही. आता मालूआजी गेली. तिच्या तोंडून ते कधीच कळणार नाही, तेव्हा मलाच लिहायला हवं. बाबा तुम्हाला वाचून दाखवेल. हे मी वर्तमानपत्राच्या पुरवणीलाही पाठवते आहे, कारण तशा बोटीत बसलेली मी काही एकटीच बाई नाही. गावाचं नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही.

एप्रिलमध्ये एका सकाळी मी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवत होते. सुरेखाचा, म्हणजे मालूआजीच्या सुनेचा, फोन आला. "मामी, आई गेल्या." पहाटे उठून गोठ्यात गेली, परत येऊन ओटीवर बसली, पाणी मागितलं. सुरेखा तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी अंबरनाथहून रिक्षा करून बदलापूरच्या पुढे त्यांच्या गावी गेले. तिला अंगणात ठेवलं होतं. तळहात वर वळलेले होते आणि त्यांवर होडीच्या काठीने पडलेले घट्टे मला दिसले. सव्वा वर्ष ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती... आणि आता बोलणारही नव्हती.

मालू माझी नणंद, तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. आजोबा शिकले, आनंदनगरच्या कारखान्यात अधिकारी झाले. मालूला नदीकाठच्या शेतकरी घरात दिलं. त्यांची भाताची खाचरं नदीच्या पलीकडे, म्हणून घरची एक लाकडी होडी होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मालू ती चालवायला शिकली. आवण म्हणजे भाताची रोपं, खत, कापलेल्या भाताचे भारे, एकदा तर व्यायलेली म्हैस सोडून तिचं रेडकू, असं सगळं तिने त्या होडीतून आणलं-नेलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, घरात घड्याळावर चालणारी. तिला मी कडक वाटायचे आणि मला ती अघळपघळ. पण दरवर्षी पावसाच्या तोंडावर ती निरोप पाठवायची, "दादाला नि वैनीला सांगा, आले." काय आले हे सांगायची गरज नसे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तुमचे बाबा माझ्या पोटात होते. अंधार पडल्यावर मालूने आम्हाला होडीत बसवलं. आधी माझ्या हातापायांना चोळलेलं डासांचं मलम नदीवर धुवायला लावलं. "त्या वासानं किडं लांब जातात वैनी. डासबी किडं, काजवंबी किडं. मलमाला काय फरक कळतो?" मग वल्हं न मारता, नुसती काठी तळाला टेकवत तिने होडी अलीकडच्या काठानेच वर नेली. काठावर अर्जुनाची जुनी झाडं ओळीने उभी होती. त्या झाडांवर... कसं सांगू? अख्खं झाड एकदम उजळायचं, एकदम विझायचं. मग शेजारचं. जणू ती झाडं आळीपाळीने श्वास घेत होती. परतताना मालूने आम्हाला काठावर उतरवून त्या झाडांखालच्या पाल्यात हात घालायला लावला. खाली ओल, कुजकं, गार. त्यात मिणमिणणारे, गांडुळासारखे बारीक किडे. "ही त्यांची पोरं. वरीसभर यात ऱ्हातात, गोगलगायी खातात, मंग पंख फुटून वर जातात. सासूबाईंनी सांगून ठेवलंय, या झाडांखालचा पाला राबाला न्यायचा नाय."

राब म्हणजे काय ते तुम्हाला सांगते. भात पेरण्याआधी रोपांच्या तुकड्यावर पाला, काटक्या, शेण पसरून जाळतात, म्हणजे जमीन भाजून तण मरतं. त्यासाठी उन्हाळ्यात गावातल्या बायका मैलभर फिरून पाला गोळा करतात. मालूच्या दारात, हाताच्या अंतरावर, गुडघाभर पाला पडलेला असायचा आणि ती डोक्यावर टोपली घेऊन डोंगराकडे जायची. शेजारणी तिला हसायच्या. "मालती, नदीवर काय सासू निजलीय व्हय तुझी?" ती म्हणायची, "निजलीय. उठवू नका, तुमाला झेपनार नाय."

हे सगळं मला माहीत होतं. ते हाताने चाचपून पाहिलं होतं. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही आलात. मालूने नेहमीप्रमाणे निरोप पाठवला. मी मनात यादी केली. होडी जुनी, लाइफ जॅकेट नाही, मुलांना पोहता येतं पण नदीत नाही, शौचालय नाही, काठी धरणारी बाई सत्तरीची. आणि नदीकाठच्या एका नव्या रिसॉर्टचा छापील कागद माझ्याकडे आला होता. त्यावर वेळापत्रक होतं. साडेसातला चहा, आठला बोट, साडेनऊला जेवण. छापलेल्या कागदावर मी आयुष्यभर विश्वास ठेवत आले. मालूला मी फोनवर सांगितलं, मुलं प्रवासाने थकली आहेत, या वेळी जमणार नाही. ती म्हणाली, "बरं. मी तांदळाच्या बोरांचं पीठ भिजवलंय, तेवढं पाठवते." तळून डबा भरून पाठवलाही. तुम्ही दोघांनी गाडीत बसून तो संपवलात. कुणी दिली हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही.

रिसॉर्टवर मॅनेजर हात चोळत पुढे आला. "आंटी, आमच्या साइडला यंदा जरा कमी आहेत. तुम्ही लोकल आहात ना? कुठे जास्त असतात, आयडिया असेल तर..." आणि मी, इतकी वर्षं ती जागा कुणाला न सांगितलेल्या बाईची भावजय, त्याच्या रिसेप्शनवरचा कागद ओढून नीट नकाशा काढून दिला. दिशा दाखवणारा बाणसुद्धा काढला.

तुम्हाला ती रात्र मजेची वाटली. मला ती कशी दिसली ते सांगते. प्रायव्हेट म्हणून सांगितलेल्या आपल्या बोटीच्या मागे आणखी दोन बोटी बांधलेल्या होत्या. इंजिनाचा धूर तोंडात जात होता. मागच्या बोटीत लाउडस्पीकर. एक मुलगा माइकवर ओरडत होता, "तो फ्रेंड्स, रेडी? नेचर का लाइव्ह शो!" आणि झाडांवर सर्चलाइट. काजवे बघायला आलेल्या माणसांनी काजव्यांवर सर्चलाइट मारला! झाडं विझली. कुणीतरी म्हणालं, "अरे, बंद पड गया." हशा. मग दोन माणसं काठावर उतरली आणि त्यांनी फांद्या गदागदा हलवल्या, तसे काजवे पावसासारखे खाली पडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हातात चिकनचे तुकडे आणि तेलकट बोटांनी तेच काजवे पकडायचे, फोनपुढे धरायचे, चुरडले गेले की पँटला पुसायचे. एका बाईने कपाळाला चमकता काजवा टिकलीसारखा चिकटवला आणि तिचा नवरा "एक और, एक और" म्हणत फोटो काढत राहिला. पाण्यात थर्माकोलच्या डिश तरंगत होत्या. तरी मी बसून राहिले. नारिंगी जॅकेटचे तिन्ही बंद नीट लावून.

सर्चलाइट एकदा काठावरून फिरला. वरच्या अंगाला, घराकडे जाणाऱ्या पायवाटेवर मालू उभी होती. गलका ऐकून आली असावी. हात डोळ्यांवर आडवा धरून उजेडाकडे बघत राहिली.

ओजस, तू पाण्याच्या बाटलीत सात काजवे आणले होतेस. सकाळी मी तुला सांगितलं की झाकण उघडलं आणि ते उडून गेले. तसं झालं नव्हतं. ते तळाला मरून पडले होते आणि मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकले. तू लहान होतास, तुझी चूक नाही. बाटली रिकामी करून तुझ्या हातात मीच दिली होती.

तुम्ही परत गेलात आणि मी मालूकडे गेले. ती ओटीवर तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "भगव्या जाकिटात बऱ्या दिसत व्हत्या. लांबूनच वळखलं."

"मालू, मुलांच्या जिवाची जबाबदारी..."

"माझ्या होडीतून चाळीस वरसं भाताचं भारं आनलं. एक भारा पडला नाय."

"भारे मध्येच उठून उभे राहत नाहीत."

"बसा बोललं तर पोरंबी बसतात, वैनी. तुमची बसली नस्ती व्हय? गुनाची हायेत." मग सूप बाजूला ठेवून तिने चहा टाकला. ती रागावली होती, पण तिने तो राग तिथेच संपवला होता. एवढ्यावर राहिलं असतं तर बरं झालं असतं.

पण त्या रात्री निघताना मी रिसॉर्टच्या अभिप्राय वहीत पानभर लिहून आले होते. किळस आली की मी तक्रार लिहिते, ही माझी जुनी सवय. चांगल्या इंग्रजीत, मुद्दे पाडून. लाउडस्पीकर बंद करा. सर्चलाइट वापरू नका. फांद्या हलवू देऊ नका. थर्माकोल नको. आणि शेवटी, पान भरत नव्हतं म्हणून की काय कोण जाणे, लिहिलं की उतरण्याच्या जागी कुजलेल्या पाल्याचा चिखल आहे, विंचूकाट्याची भीती आहे, काठ स्वच्छ ठेवावा. खाली सही, पूर्ण नाव, फोन नंबर.

हिवाळ्यात मला त्यांचा मेसेज आला. आपल्या बहुमोल सूचनेनुसार आम्ही परिसर स्वच्छ केला आहे, धन्यवाद. सोबत फोटो. अर्जुनाच्या झाडांखालची जमीन तळहातासारखी कोरी, पाल्याचे ढीग पेटलेले, आणि बाजूला सिमेंटचे ठोकळे रचून ठेवलेले, बसायला जागा करण्यासाठी. माझ्या पाच सूचनांपैकी त्यांनी हीच एक पाळली. इतर चार पाळायच्या तर धंद्यात खोट आली असती. झाडून घ्यायला काय लागतं?

मी त्याच दिवशी गेले. रिक्षात मनाशी वाक्यं जुळवत होते. मालू दारातच उभी होती. तिच्या लुगड्याला राख लागली होती.

"मालू, मला तुला काही सांगायचंय."

"ठावं हाय. त्या मेनेजरनं फोनात तुमचं पान दावलं. मी भांडाया गेले तवा. बोलला, तुमच्याच घरच्या शिकल्या बाईनं लिवून दिलंय. मना वाचता येत नाय त्ये इंग्रजी. पर सही वळखते. दादा गेला तवा कागदावर बघितली व्हती."

मी काहीतरी बोलायला लागले. तिने हात वर केला.

"वैनी, तुमचं घर झाडून झालं सगळं?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"मंग नदी झाडायला कशाला आलात?"

ती आत गेली. त्यानंतर मी फोन केले, दिवाळीला फराळ पाठवला. डबा घासून रिकामा परत आला. आमच्यात डबा रिकामा पाठवायची पद्धत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तिने साखर घातली नाही.

गेल्या वर्षी त्या अर्जुनांवर काही नव्हतं. सर्चलाइट घेऊन बोटी आल्या, फिरल्या, लोकांनी पैसे परत मागितले. मग रिसॉर्टवाल्यांनी ती फेरी बंद केली आणि आता तिथे लग्नाआधीचे फोटो काढतात. सिमेंटचे ठोकळे आहेत तिथेच आहेत. काजवे गेले याला लोक कारखान्यांचं पाणी, वाढती घरं, बदलतं हवामान अशी कारणं सांगतात. ती असतील. पण त्या काठावर माझी सही आहे आणि ती मला इतर कशामागे लपवायची नाही.

दहाव्याला सुरेखाने मला बाजूला घेतलं. "मामी, तुमाला एक सांगायचं राह्यलं. आईंनी सांगू नको म्हटलं व्हतं." पाला जाळायला आलेली माणसं पहिल्या दिवशी अर्धंच काम करून गेली होती. उरलेलं दुसऱ्या दिवशी करणार होती. त्याच रात्री मालूने सुरेखाला उठवलं, टोपल्या काढल्या. दोघींनी ओला पाला खालच्या मातीसकट उचलून होडीत भरला आणि पलीकडे, आपल्या बांधावरच्या जांभळाखाली नेऊन पसरला. जन्मभर जो पाला तिने राबालाही हलवला नव्हता, तो तिने स्वतःच्या हाताने उचलला. "मी शिव्या देत व्हते त्यांना," सुरेखा म्हणाली. "म्हटलं, डोस्कं फिरलंय का? त्या बोलल्या, गप भर. वैनीला कळायच्या आत व्हायला पायजे, न्हायतर ती हितंबी झाडू घेऊन यील."

मी हसले. दहाव्याला, सगळ्यांदेखत. मग रडले. इतके दिवस रडू आलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात सुरेखाचा फोन आला. "मामी, आले. येता का?" 'आले' हा एकच शब्द महत्त्वाचा होता, पण मला तो खरा वाटेना. मी गेले. हातपाय धुतले. सुरेखाने काठी धरली, मी मध्ये बसले, मालूने सांगितलं असतं तशी न हलता. अलीकडचे अर्जुन काळेच होते. पलीकडे पोचायला वेळ लागला नाही. जांभळाच्या खालच्या दोन-तीन फांद्यांवर उजेड होता. अख्खं झाड नाही. एकदम पेटणं-विझणंही नाही. एक इकडे, एक तिकडे, कुणाचा कुणाशी मेळ नसलेले. सुरेखा कुजबुजली, "लई नाय." मी म्हटलं, "नाही." आम्ही तेवढं बघत बसलो. माफी मागावी असं तिथे कुणी नव्हतं आणि त्या उजेडाला मला मिळालेली माफी मानायची सवय लावून घ्यायची नाही. मालूने मला माफ केलं नाही. तिने पाला वाचवला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा मुलांनो, मी बोट बुक करणार नाही. तुम्ही आलात तर सुरेखाकाकूला विचारा. ती नाही म्हणाली तर नाही.

होडी सुरेखा चालवते. पलीकडच्या बांधावर जांभूळ आहे आणि त्याच्याखालचा पाला जिथल्या तिथे आहे.