सकाळी दहाचा खो-खो

"भजन लिहू का, मॅडम?" पालिकेच्या समाजकेंद्रातल्या तरुण अधिकाऱ्याने विचारलं.

तो त्या कार्यक्रमाचा समन्वयक होता. आमच्या भागातल्या पालिकेने रहिवाशांना आवाहन केलं होतं, की ज्याला जे येतं ते त्याने आपल्या वस्तीतल्या पार्कात लोकांना फुकट शिकवावं. जागा, बॅनर आणि पिण्याचं पाणी पालिका देईल. त्याच्या समोरच्या कागदावर योग, भजन, शिवण, पाककला असे पर्याय छापलेले होते.

"खो-खो लिहा," मी म्हटलं.

"अच्छा, मुलांसाठी."

"नाही, बायकांसाठी. चाळिशीच्या पुढच्या आल्या तरी चालतील."

तो हसला. त्यात कुचेष्टा नव्हती, नुसतं नवल होतं. "चाळिशीच्या पुढे कोण खो-खो खेळणार, मॅडम?"

"मी बावन्न वर्षांची आहे आणि मला खेळायचंय. एकटीने खो-खो खेळता येत नाही, म्हणून तुमच्याकडे आले."

त्याने 'इतर' या शब्दापुढे खूण केली.

हे सगळं बोलणं अर्थातच हिंदीत झालं. घराबाहेर पाऊल टाकलं की माझी जीभ आपोआप हिंदीवर येते. तरी दिल्लीतली भांडणं मला आठवतात ती मात्र मराठीतच.

यांची बदली दिल्लीला झाली त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. दक्षिण दिल्लीतल्या एका सरकारी वसाहतीत आमचं क्वार्टर होतं. मुलगी गुरुग्रामला नोकरी करत होती आणि तिथेच मैत्रिणींबरोबर राहत होती. लक्ष्मीबाई नगरातल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला मी जायचे, गणपतीत मोदक वळायला जायचे, आणि उरलेलं वर्ष पार्कात फेऱ्या मारायचे. सांगलीजवळच्या आमच्या शाळेत मी खो-खोच्या संघात होते, जिल्ह्यापर्यंत खेळले होते. नववी संपली तेव्हा घरी सांगण्यात आलं, की आता पुरे. त्यावर कोणी भांडलं नाही. पुढे हे मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी आवड विचारली, आणि आईने माझ्या वतीने भरतकाम सांगून टाकलं. मला साधी सुई ओवता येत नव्हती.

"अगं, पडशील," पालिकेतून परत आल्यावर हे म्हणाले.

"पडेन," मी म्हटलं.

जानेवारीचं धुकं सरलं आणि सकाळी दहाला पार्कात बरं ऊन यायला लागलं, तेव्हा आम्ही सुरुवात केली. माळ्याने बांबू कापून दोन खुंट रोवून दिले. फक्कीने रेघा मीच आखल्या. मुलीला मी फोनवर याबद्दल सांगत होते तर ती म्हणाली, "खुंट म्हणजे?" म्हटलं, खांब. "मग पोल म्हण ना, आई." ती मराठी विसरली होती असं नाही, पण मला त्या दिवशी खुंटच म्हणायचं होतं.

पहिल्या आल्या त्या बीजी. समोरच्या ब्लॉकमध्ये मुलाकडे राहणाऱ्या, उंच, साठी ओलांडलेल्या पंजाबी बाई. सगळी वसाहत त्यांना बीजीच म्हणते. "एकटी काय रेघा मारतेस, पुत्तर?" असं विचारून त्या मी सांगायच्या आधीच रेघेवर येऊन उभ्या राहिल्या. मग आणखी चौघी आल्या, सगळ्या अधिकाऱ्यांच्या बायका, कोणी चेन्नईची तर कोणी भुवनेश्वरची. पण खो-खोला आठ जणी नुसत्या बसायला लागतात. पळणाऱ्या आणि धरणारी वेगळ्या.

नळाजवळच्या बाकांवर वसाहतीत घरकाम करणाऱ्या बायका बसल्या होत्या. सकाळची घरं आटोपून दुपारच्या घरांपर्यंतचा वेळ त्या तिथेच काढायच्या, डबे खायच्या, उन्हात पाठ टेकायच्या. मी त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, "खेळायला येता का?"

त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यातली एक, बंगालमधून आलेली, पस्तिशीची, तीन-चार घरी स्वयंपाक करायची. ती म्हणाली, "आम्ही आलेलं चालेल?"

"पळता येतं ना?"

"दिवसभर दुसरं काय करतो, दीदी?"

"मग या."

गुडघ्यांमुळे आम्ही उकिडवं बसायचा नियम सोडला. गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभं राहायचं, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. बाकी खेळ तोच. पळणारी तुमच्या रांगेतून नागमोडी निघून जाते, धरणारीला मधली रेघ ओलांडता येत नाही, म्हणून ती तुमच्या पाठीवर थाप मारून "खो" म्हणते, आणि तुम्ही लगेच पळायचं असतं. कोणाचा हात होता हे बघायला वेळ नसतो. पहिल्या दिवशी सगळ्याच जणी थाप बसली की वळून बघायच्या, आणि तेवढ्यात पळणारी निसटायची. दोन आठवड्यांत ते वळून बघणं गेलं. धाप लागलेल्या, घामेजलेल्या, केस सुटलेल्या आम्ही पंधरा-सोळा जणी नळावर तोंडं धुवायचो आणि मला रात्री फार गाढ झोप लागायची.

एकीचं मात्र वळून बघणं गेलं नाही. ती बंगाली बाई ज्या घरी स्वयंपाक करायची, त्यातल्याच एका घरची ती मालकीण. एका सकाळी स्वयंपाकिणीने तिच्या पाठीवर थाप मारली. ती पळाली नाही. तशीच वाकून उभी राहिली, मग सरळ झाली, चपला घातल्या आणि घरी गेली. पुन्हा आली नाही.

त्यानंतर पार्क समितीचे अध्यक्ष माझ्याकडे आले. निवृत्त अधिकारी, मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायचे, रोज आपल्या मित्रांसह उन्हातल्या बाकावर पेपर वाचत बसायचे. बोलणं अत्यंत सभ्य.

"मॅडम, तुमचा उपक्रम चांगला आहे. पण हा पार्क रहिवाशांसाठी आहे."

"पाटीवर तसं लिहिलेलं नाही, सर."

"सगळंच लिहावं लागत नाही."

"नाही लिहिलं तर मला वाचता येत नाही," मी म्हटलं. इतक्या वर्षांत मी एखाद्या अधिकाऱ्याला, निवृत्त का असेना, असं उत्तर दिलं नव्हतं. घरी आले आणि पोळ्या लाटताना लक्षात आलं की मला भीती वाटत नाहीये, मजा वाटतेय.

अध्यक्षांनी पालिकेला कळवलं. समन्वयक स्वतः आला. त्याने तोडगा काढला होता: दहा वाजता रहिवासी आणि दोन वाजता, त्याच्या शब्दांत, 'हेल्पर'.

"दोन वाजता त्या तुमच्या-आमच्या घरी भांडी घासत असतात," मी म्हटलं.

"मग काय करायचं, मॅडम?"

"काही करू नका. आहे तसं चालू दे."

त्याने मान हलवली आणि खरंच काही केलं नाही. तो वाईट नव्हता. त्याला फक्त कोणाकडूनही फोन यायला नको होता.

फेब्रुवारीच्या शेवटी बीजी पडल्या. त्या पळत होत्या आणि स्वयंपाकीण मागे होती. खुंटाला वळसा घालताना बीजींचा पाय वाळल्या पानांवरून सरकला आणि त्या हातावर आपटल्या. मनगटाचं हाड मोडलं. मी आणि स्वयंपाकीण दोघी त्यांना रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेलो. त्यांच्या हाताला प्लास्टर बांधून होईपर्यंत वसाहतीत बातमी पोचली होती, की कामवालीने बीजींना ढकललं.

त्याच संध्याकाळी समन्वयकाचा फोन आला. आमचा वर्ग कार्यक्रमातून काढून टाकला होता. बॅनर आणि पाण्याचे कॅन न्यायला माणूस येणार होता. "मला वाईट वाटतंय, मॅडम."

"पार्क बंद केलाय का?"

"पार्क कसा बंद करणार?"

"मग ठीक आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. हे समोर बसले होते. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

थोड्या वेळाने स्वयंपाकीण दारात आली. जिने खेळणं सोडलं होतं तिने तिला सांगितलं होतं, एक तर पार्कात जा, नाहीतर माझ्याकडे कामाला ये.

"मी बोलते तिच्याशी," मी चपला शोधायला लागले.

"नका बोलू, दीदी. तुम्ही बोललात तर ते तुमचं भांडण होईल. हे माझं आहे."

"मग काय करणार आहेस?"

"करून आले. चावी देऊन आले तिची."

ती गेल्यावर मी बराच वेळ चपला हातात घेऊन उभी होते. जाऊन चार शब्द सुनवावेत असं फार वाटत होतं. न जाणं मला जड गेलं, पण तिने नको म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दहाला पार्कात पोचले तर आमच्या जागेवर घोटाभर पाणी. माळी हातात पाइप धरून उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सरांनी सांगितलंय. इथल्या गवताला रोज भरपूर पाणी द्यायचं." तिथे गवत नव्हतंच, आमच्या पळण्याने ते कधीच गेलं होतं. फक्कीच्या रेघा वाहून गेल्या होत्या. बाकावर अध्यक्ष आणि त्यांची मंडळी बसली होती, आणि कोणाचाही पेपर उघडलेला नव्हता.

बायका जमल्या. चेन्नईवाली म्हणाली, "उद्या बघू या का?" दोघी-तिघींनी माना डोलावल्या. मला माहीत होतं, उद्याही पाणी असणार आणि परवाही. मी बूट काढले, मोजे काढून बुटात खोचले, सलवार वर खोचली आणि चिखलात उतरले. चिखल इतका गार होता की पायांना मुंग्या आल्या.

"आज अनवाणी," मी म्हटलं.

सगळ्यांत आधी स्वयंपाकीण उतरली. मग भुवनेश्वरची. चेन्नईवालीने आपल्या नव्या बुटांकडे एकदा पाहिलं आणि तीही आली.

तेवढ्यात बीजी आल्या. हात गळ्यात अडकवलेला, गळ्यात नातवाची शिट्टी. आमच्याकडे न येता त्या थेट बाकापाशी गेल्या. त्यांचा आवाज मुळातच मोठा.

"मी पडले," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "मला कोणी पाडलं नाही. वय झालंय, पाय सरकला. आता जो कोणी त्या मुलीचं नाव घेईल त्याने आधी माझ्याशी बोलायचं. माझ्या मुलालाही हेच सांगून आलेय."

अध्यक्ष म्हणाले, "बीजी, आम्ही तर तुमच्याच काळजीने..."

"माझी काळजी माझ्याकडे राहू द्या, जी."

मग त्या आमच्याकडे आल्या, रेघ होती तिथे अंदाजाने उभ्या राहिल्या आणि शिट्टी मारली.

त्या दिवसाचा खेळ खेळ म्हणण्यासारखा नव्हता. पळणारी घसरायची, धरणारी तिच्यावर जाऊन पडायची, पाठीवर थाप बसली की चिखलाचा पंजा उमटायचा. रेघ दिसत नसल्यामुळे कोण बाद आणि कोण नाही ते बीजी म्हणतील ते, आणि बीजी सरळसरळ पक्षपात करत होत्या. मी दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा उठलेच नाही, तिथेच बसून हसत राहिले, आणि स्वयंपाकिणीने मला काखेत हात घालून उभं केलं. बाकावरची मंडळी आमच्या आधी उठून गेली.

आठवडाभर रोज पाणी येत राहिलं आणि आम्ही जुने कपडे घालून रोज येत राहिलो. शेवटी तो चिखल फेऱ्या मारायच्या वाटेवर पसरला. तिथून सकाळी अध्यक्षांचीच मंडळी चालायची. पाणी बंद झालं. कोणी आम्हाला काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

सगळं गोड झालं असं नाही. आमच्यातल्या दोघींनी येणं सोडलं ते सोडलंच. होळीच्या संमेलनात माझ्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. स्वयंपाकिणीला दुसरं घर मिळायला वेळ लागला; ते दिवस तिला कसे गेले हे मी विचारलं तेव्हा तिने विषय बदलला. शेवटी मागच्या ब्लॉकमध्ये तिला काम मिळालं. अध्यक्षांच्या मुलाने ऑफिसात यांना गाठून म्हटलं, "मिसेसना जरा समजवा."

"मग काय म्हणालात?" मी यांना विचारलं.

"म्हटलं, तुम्ही समजावून बघा."

पुढच्या हिवाळ्यात समन्वयकाचा पुन्हा फोन आला. पालिकेच्या स्नेहसंमेलनात महिलांचे उपक्रम मंचावर दाखवायचे होते, आणि आमचा खो-खो त्याच्या वरिष्ठांच्या कानावर गेला होता. ट्रॅकसूट पालिका देणार होती. "फक्त रहिवासी महिला घ्या, मॅडम. तेवढं सांभाळा. मग पुन्हा कार्यक्रमातही घेता येईल."

मी म्हटलं, विचारून सांगते. दुसऱ्या दिवशी खेळ संपल्यावर नळापाशी सगळ्यांना सांगितलं, काही न वगळता. बीजींनी मनगट चोळलं आणि स्वयंपाकिणीकडे पाहिलं. ती तोंड पुसत होती.

"मंचावर?" ती म्हणाली. "तिथे पळणार कुठे?"

सगळ्या हसल्या, आणि तिथेच ठरलं. मी पार्कातूनच फोन लावला. समन्वयकाला म्हटलं, तुमचा मंच आम्हाला लहान पडेल. तुमच्या वरिष्ठांना बघायचं असेल तर सकाळी दहाला इकडे घेऊन या, आम्ही सगळ्या असतो.

ते आले नाहीत. आम्ही खेळलो.