आतोबांनी मागे घेतलेलं वाक्य

माझ्या आत्याच्या यजमानांइतका बोलणारा माणूस घाटाखाली दुसरा झाला नाही. घाटावर झाला असेल तर मला माहीत नाही, पण आत्याचं म्हणणं असं, की तसा कुणी असता तर त्याचा आवाज बोरघाट उतरून खाली आला असता, कारण आतोबांचा नक्की वर जात होता. मी तेव्हा खालापूरच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि आत्याकडेच राहत होते, त्यामुळे हे सगळं मी दोन वर्षं रोज दोन्ही जेवणांबरोबर ऐकलेलं आहे. आतोबा सकाळी उठल्याउठल्या बैलांशी बोलत, बैलांना कितपत कळलं याची खात्री नसल्यामुळे तेच पुन्हा आत्याला सांगत, आणि आत्याने मान डोलावली नाही तर माझ्याकडे वळत. धोतरावर कोट आणि गळ्याला लोकरीचा मफलर असा त्यांचा बारमाही पोशाख होता. भर वैशाखात, अंगणातला कुत्रादेखील सावलीतून सावलीत सरकत असताना, आतोबांच्या गळ्यात मफलर असे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अगं, सुताराला रंधा, तसा मला गळा. त्याला जपाया नको?"

"मला माहीत नाही" हे तीन शब्द त्यांनी कधी उच्चारले नाहीत. पुण्याच्या रस्त्यावर एका साहेबाची मोटार बंद पडली, तेव्हा मोटारीचं झाकण आयुष्यात प्रथमच उघडं पाहणाऱ्या आतोबांनी बैलाच्या पोटफुगीवरून त्या ड्रायव्हरला अर्धा तास इंजिन समजावून सांगितलं होतं. मोटार पुढे सुरू झाली ही गोष्ट खरी आहे, आणि ती कुणामुळे सुरू झाली याबद्दल आमच्या घरात एकच मत होतं. दुसऱ्याचं वाक्य त्यांच्याच्याने पुरं होऊ देववत नसे. एकदा शेजारचा एक शेतकरी दारात येऊन "दादा, माझा बैल..." एवढंच म्हणाला. विकायचा असणार असं धरून आतोबांनी त्याला आत्ता विकू नकोस, पाऊसपाणी होऊ दे, कर्जतच्या बाजारात नेऊ नकोस, मुरबाडला ने, दात दाखवताना अमुक कर, असं पाव तास सांगितलं. ते श्वास घ्यायला थांबले तेव्हा तो बिचारा म्हणाला, "मेला, दादा." मग बैल मेल्यावर काय करावं हेही त्यांनी सांगितलंच.

पण भाताच्या शेतीत त्यांना खरोखर कळत होतं. राब भाजताना, म्हणजे रोपं टाकण्याआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात तेव्हा, कुठल्या झाडाचा पाला वापरला तर रोप तगतं, खेकड्यांच्या बिळाचं तोंड कुठल्या अंगाला असलं म्हणजे बांध कुठे फुटणार, हे ते बघून सांगत आणि ते तसंच होई. हे ज्ञान त्यांच्याकडे कुठून आलं ते गावाला माहीत होतं, फक्त कुणी बोलत नसे. लहानपणी गुरं राखताना त्यांच्या जोडीला लहानू नावाचा एक कातकरी मुलगा होता. डोंगराच्या पायथ्याला कातकऱ्यांची वाडी होती, तिथला. तो मुलगा आता आतोबांच्याच वयाचा झाला होता, लावणी-कापणीला त्यांच्या शेतावर येई, आणि दुपारच्या वेळी दोघं बांधावर मांडीला मांडी लावून बसत. अशा वेळी तास तास आतोबा बोलत आणि लहानू ऐके. कधीतरी लहानू एखादं वाक्य टाके, ते दुसऱ्या दिवशी आतोबांच्या तोंडून गावाला ऐकायला मिळे.

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी कर्जतला शेतकी प्रदर्शन भरलं. तिथे आतोबांना बोलताना एका अधिकाऱ्याने ऐकलं, म्हणजे ऐकण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं, आणि त्याने मुंबईच्या रेडिओवर खेडुतांसाठी जो कार्यक्रम होई त्यासाठी त्यांचं नाव सुचवलं. महिन्यातून दोनदा आतोबांनी मुंबईला जाऊन दहा मिनिटं शेतीवर बोलायचं असं ठरलं. त्या वेळी गावोगावच्या चावड्यांत सरकारने रेडिओ दिले होते. लाकडी पेटीत, कुलुपात, बॅटरीवर चालणारे. संध्याकाळी कार्यक्रमाच्या वेळी तलाठी किंवा मास्तर कुलूप काढी आणि गाव समोर बसे. आतोबांचं पहिलं भाषण झालं त्या दिवशी आमच्या चावडीत उभं राहायला जागा नव्हती. आत्या घरच्या ओट्यावर बसून होती. चावडीतून आवाज येतोच आहे, म्हणाली, जायचं कशाला.

चार भाषणं उत्तम झाली. पाचव्या वेळी, भाद्रपदात, त्यांचं सांगून लवकर संपलं आणि दीड-दोन मिनिटं उरली. लिहून दिलेल्या कागदावर काही शिल्लक नव्हतं, आणि गप्प बसण्याची सवय नव्हती. मग त्यांनी मजा म्हणून कातकऱ्यांवर एक विनोद सांगितला. देवाने माणसं भट्टीत भाजली, कातकऱ्याला आत घालून विसरला, तेव्हा वरून रंग जळला आणि आतली अक्कलही जळली, अशा अर्थाचा. मागोमाग त्यांच्या खाण्यावरून आणखी एक वाक्य होतं, ते मी लिहीत नाही. चावडी हसली. मीही हसले, हे लिहिलं पाहिजे. चावडीच्या ओट्याखाली, आंब्याच्या बुंध्याशी, वाडीवरची चार-पाच माणसं नेहमीसारखी ऐकायला बसली होती. त्यांच्यात लहानू होता. ती माणसं उठली आणि गेली. त्यांच्यामागून आमच्यातलाही एकजण उठला, लढाईवरून परत आलेला हवालदार. बाकीचे भजन लागेपर्यंत बसून होते.

पुढचे पंधरा दिवस आतोबांनी लोकांची मतं गोळा करण्यात घालवले. पुष्कळांना विनोद आवडला होता. चौक गावच्या एका व्यापाऱ्याने खास कौतुकाचं कार्ड टाकलं, खोपोलीला चहाच्या दुकानात माणसं तो विनोद एकमेकांना सांगत होती. हवालदार मात्र घरी आला, बसायला सांगितलं तरी उभाच राहिला, आणि म्हणाला, आफ्रिकेत एका गोऱ्या सार्जंटाने आमच्या पलटणीला उभं करून हीच गोष्ट सांगितली होती. भट्टीसकट. "तवा जळके आमी होतो, दादा. हिंदुस्थानातले सगळेच," एवढं बोलून तो गेला. आतोबांना उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही याचाच त्यांना जास्त राग आला. तेवढ्यात मुंबईहून पत्र आलं. कशेळ्याच्या बाजूच्या एका मास्तराने तक्रार लिहून तिच्यावर तिथल्या वाड्यांतल्या माणसांचे अंगठे घेऊन पाठवली होती, तेव्हा आपलं पुढील भाषण रद्द करण्यात येत आहे, असं त्यात होतं. आतोबांनी ते पत्र आत्याला वाचून दाखवलं, मला दाखवलं, आणि मग गोठ्यात जाऊन मोठ्याने वाचलं. चेष्टा होती, चेष्टेला कोण इतकं धरून बसतं, त्या मास्तराला दुसरा उद्योग नाही, असं त्यांचं आठ दिवस चाललं होतं. आत्याने शेवटी विचारलं, "चेष्टा व्हती, तर लहानू का नाय हासला?" त्या दिवशी आतोबा लवकर जेवून उठले.

कापणी आली तेव्हा वाडीवरची माणसं कामाला आली. कुणी पाठ फिरवली नाही, कुणी भांडलं नाही. विळे चालले, भारे खळ्यावर आले, सगळं वेळेवर झालं. फक्त आतोबांशी कुणी बोलेना. काही विचारलं तर हो किंवा नाय. दुपारी लहानू बांधावर न येता आपल्या माणसांत जाऊन बसे. आतोबा एकटे बांधावर बसून इकडेतिकडे बघत, एखादं वाक्य सुरू करत आणि ऐकायला कुणी नाही हे बघून सोडून देत. मी त्यांचं वाक्य अर्धं राहिलेलं त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. झोडणी संपली त्या दिवशी मी शाळेतून परतताना खळ्यावर गेले, तर आतोबा लहानूसमोर उभे होते आणि त्याला सांगत होते, की मनात तसं काही नव्हतं, तू मला लहानपणापासून ओळखतोस, चुकलो म्हणतो, झालं. लहानूने ते सगळं बोलणं होऊ दिलं. मग केरसुणी खाली ठेवून तो म्हणाला, "दादा, तुमी मला तोंडावर बोलला असता तर मी आयकून सोडलं असतं. पन तुमी ज्या गावांत बोलला तितं मला कोन वळखतंय? त्यांनी मला पायलं नाय, नुस्तं आयकलं. आता तितं जाऊन मी काय सांगू?" आणि तो पुन्हा खळं झाडायला लागला. त्याच आठवड्यात वाडी कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला घाटावर गेली. पावसाच्या तोंडापर्यंत ती माणसं येत नसत.

आतोबांनी मुंबईला पत्र लिहून दोन मिनिटं मागितली. कार्यक्रम आधीच ठरलेले असल्याने वेळ देता येत नाही, असं उत्तर आलं. ते दोन दिवस विचार करत बसले, तिसऱ्या दिवशी कचेरीत गेले आणि कर्जत-खालापूर मिळून कुठल्या कुठल्या गावी सरकारी रेडिओ आहे याची यादी लिहून घेऊन आले. वीस-बावीस गावं होती. त्यापलीकडच्यांचं काय करणार, असं मी विचारलं. म्हणाले, पाय जातील तितकं तरी करतो.

त्या हिवाळ्यात ते एकेका गावी जात राहिले. कार्यक्रमाच्या वेळेला चावडीत पोचायचं, कुलूप काढणाऱ्याला पाच मिनिटं थांबायला सांगायचं, आणि पेटीशेजारी उभं राहून बोलायचं. पहिल्यांदा कुंभिवलीला मी बरोबर होते, आणि तिथे भलतीच पंचाईत झाली. आतोबा म्हणाले, मी रेडिओवर बोललो ते वाक्य मागे घेतो. लोकांनी विचारलं, कुठलं? भाद्रपदात महिनाभर तिथला रेडिओ बंदच होता. सांगा तरी, म्हणाले, त्याशिवाय मागे काय घेताय ते आम्हाला कळणार कसं? ते वाक्य पुन्हा तोंडातून काढायला आतोबा तयार होईनात, आणि ऐकल्याशिवाय लोक सोडीनात. शेवटी मफलर सोडून पुन्हा बांधत ते म्हणाले, "वंगाळ व्हतं, एवढं धरून चाला." एका गावात त्यांना देवीची लस टोचायला आलेला माणूस समजून बायकांनी पोरं आत नेली. खोपोलीला एका कामगाराने विचारलं, मग आमच्यामागे आमच्याबद्दल काय बोलता? आतोबा म्हणाले, बोलत असेन, आठवून सांगतो. आणि दुसऱ्या फेरीत खरंच जाऊन सांगून आले.

कशेळ्याला जाताना मी पुन्हा त्यांच्याबरोबर होते. तक्रार करणारे मास्तर तिथेच होते, जवळच्या वाड्यांतली माणसंही मागे येऊन बसली होती. आतोबांनी कोटाची बटणं लावली आणि सांगितलं, "मी रेडिओवरनं कातकऱ्यांना वाईट बोललो. ते खोटं हाय. मी तुमाला राबाचं सांगितलं, खेकड्याच्या बिळाचं सांगितलं, ते माझं नव्हं. आमच्या वाडीवरच्या लहानू कातकऱ्यानं मला ते शिकवलं. त्याचं नाव मी तवा घेतलं नाय. आता घेतो." पुढच्या रांगेतल्या दोघांना जुना विनोद आठवून हसू आलं. आतोबा त्यांच्याकडे बघत थांबले. इतका वेळ ते बोलल्यावाचून उभे राहिलेले मी प्रथमच पाहत होते. हसणं थांबलं, तेव्हा मास्तरांनी पुढे होऊन त्यांना बसायला घोंगडी दिली. परतताना मी त्यांना सांगितलं, की त्या दिवशी चावडीत मीही हसले होते. ते म्हणाले, "ठावं हाय. तुझ्या आत्यानं सांगितलं."

आपलं गाव त्यांनी शेवटी ठेवलं होतं, आणि तेच त्यांना सगळ्यांत जड गेलं. रोज भेटणारी माणसं, त्यांच्यासमोर उभं राहून बोलताना त्यांचा आवाज बसला. चौकच्या व्यापाऱ्याने नंतर त्यांच्याशी व्यवहार बंद केला, भावकीतल्या काहींनी लग्नाला बोलावलं नाही. हवालदार मात्र अधूनमधून येऊन बसू लागला.

वैशाखात वाडी परत आली. लहानूला कुणीतरी वाटेतच सगळं सांगितलं असावं, कारण तो सरळ बांधावर आला. मी आत्याबरोबर चिंचा वेचत होते, तेव्हा ऐकलं. किती गावं झाली, असं त्याने विचारलं. यादीतली सगळी, आतोबा म्हणाले.

"माझं नाव घेतलं?"

"घेतलं."

"मंग बरं," लहानू म्हणाला, आणि बसला. मांडीला मांडी लावून नाही, हातभर अंतर ठेवून. पुढेही तो तसाच बसे. आतोबांनी त्याबद्दल कधी काही बोलून दाखवलं नाही, आणि सरकून जवळ जायची घाईही केली नाही. आत्या म्हणे, हे त्यांना जमलं, आणखी काय पाहिजे.

त्या पावसाळ्यानंतर माझी बदली झाली. निघाले त्या दिवशी खोपोलीपर्यंत बैलगाडीने जायचं होतं. शेतं तयार होत आली होती, गाडी संथ चालली होती. वळणाआधी बांधावर ते दोघे दिसले. लहानू हात हलवून काहीतरी सांगत होता, बराच वेळ सांगत होता, आणि आतोबा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. मी हाक मारली नाही. गाडीवानाने विचारलं, थांबवू का. मी म्हटलं, नको, त्यांचं चालू दे.