प्रश्न उतरवून घ्या

बोर्डाच्या परीक्षेला अठरा दिवस उरले होते आणि दुसऱ्या बाकावरची मुलगी पट्टी घेऊन समास आखत बसली होती. पेपर सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. मी मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूरच्या एका सरकारी हिंदी शाळेत गणित शिकवते. महामारीच्या दुसऱ्या वर्षानंतर शाळा पुन्हा उघडली आणि मी दहावीचा पहिला खरा सराव पेपर घेतला, तीन तासांचा, घड्याळ लावून. या मुलांनी तसा पेपर जन्मात लिहिला नव्हता. आठवीची परीक्षा अर्धवट राहिली, नववी घरातच गेली, दहावी कधी चालू तर कधी बंद. दर वर्षी सगळ्यांना सरसकट वर ढकललं गेलं. आता मात्र बोर्ड म्हणत होतं की परीक्षा केंद्रावर बसूनच होणार.

तीन तासांनी मी कॉप्या, म्हणजे उत्तरांच्या वह्या, गोळा केल्या. त्या मुलीच्या कॉपीत सगळा पेपर उतरवलेला होता, अगदी रिकाम्या जागांची वाक्यंसुद्धा. मोत्यासारखं अक्षर, प्रत्येक प्रश्नाखाली लाल रेघ. सोडवलेले प्रश्न चार, आणि चारही बरोबर. बाकीच्या रेघांखाली कोरी जागा.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. मी कॉपी तिच्यासमोर आपटली. "हे काय आहे? प्रश्न छापलेला असतो ना? तो परत लिहायला कोणी सांगितलं तुला?"

ती उभी राहिली. आवाजात उद्धटपणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "तुमीच तं सांगितलं होतं मॅडम. ग्रुपवर."

"मी? मी कशाला असलं काही सांगेन?"

वर्ग गप्प झाला. मुलांचं गप्प होणं कोणत्या प्रकारचं आहे, हे शिक्षकाला लगेच कळतं. हे मला सांभाळून घेणारं गप्प होतं.

घरी, लोधीपुऱ्यात, मी चहासुद्धा न घेता मोबाईल काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर मागे मागे जात माझाच जुना संदेश ऐकला. घरी बसून उत्तरं लिहायची आणि कॉपी शाळेत जमा करायची, असं चाललं होतं तेव्हाचा. आवाज माझाच, वैतागलेला. आधी प्रश्न पूर्ण उतरवून घ्या, मग उत्तर लिहा. ज्याने प्रश्न उतरवला नाही त्याची कॉपी मी तपासणार नाही. त्या दिवसांत माझ्यासमोर ढिगाने कॉप्या येत. प्रश्नांचे क्रमांक चुकलेले, कोणतं उत्तर कशाचं ते कळायचं नाही. मला तपासायला सोपं जावं म्हणून मी दिलेली ती सूचना होती. ती नंतर मागे घ्यायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाकीच्या मुलांनी ती आपापल्या सोयीने पाळली, अर्धी सोडली. या मुलीने अक्षरशः पाळली, आणि घरून आलेली तिची कॉपी मीच वर्गात उंच धरून दाखवली होती. मला माझीच लाज वाटली.

दोन दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. जसोंडी गावचे, केळीचे शेतकरी. मोटरसायकल फाटकाबाहेर लावून, गमछ्याने तोंड पुसत ते व्हरांड्यात उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"मॅडम, मी सीधी बात करतो," ते म्हणाले. "पोरगी पास झाली तं अकरावीले टाकतो, इथंच, तुमच्याजवळ. गणितात गेली तं घरी बसवतो. रोज आणा-सोडायचं मले जमत नाई, आन् नापास पोरीसाठी घरचे लोकं मले करू बी देणार नाई. तिलेबी सांगितलं हाये."

माणूस वाईट नव्हता. लेकीचं दप्तर तो स्वतः खांद्यावर घेऊन चालायचा, हे मी पाहिलं होतं. म्हणूनच मला कळलं की तो बोलतो तसं करेल. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "बघते मी. मेहनत घेते तिच्यावर."

मेहनत म्हणजे मी तिला प्रश्न उतरवायला बंदी केली. रोज शाळा सुटल्यावर एक तास. ती बाकावर, मी शेजारी उभी. पेन प्रश्नाकडे वळलं की मी म्हणायची, "क्रमांक लिही. फक्त क्रमांक. पुढे." पहिल्या दिवशी तिने एकही गणित सोडवलं नाही. दुसऱ्या दिवशी एक. क्रमांक लिहायची आणि छापील ओळींकडे बघत बसायची. आधी निदान चार तरी येत होते. आता हातचेही गेले. तेरा दिवस उरले, तेव्हा माझा तोल सुटला. मी डस्टर टेबलावर आपटून म्हटलं, "तुला येतं तरी काय? वाच ना तो प्रश्न. वाचता येत नाही का?"

ती रडली नाही. पेन खाली ठेवून म्हणाली, "वाचता येते मॅडम. पण लिहल्याबिगर तो डोक्यात नाई जात."

"म्हणजे काय?"

मग तिने सांगितलं. घरात मोबाईल एकच, तो वडिलांबरोबर शेतात जायचा. संध्याकाळी ते आले की तासभर तिच्या हातात. त्या तासात ती गणितं सोडवत बसली नाही. तिने दिवसभरात आलेले सगळे प्रश्न वहीत उतरवून घेतले, कारण मोबाईल परत जाणार होता. दुसऱ्या दिवशी तीच वही समोर घेऊन एकेक सोडवायची. दोन वर्षं तिने असाच अभ्यास केला. प्रश्न हाताखालून गेला की मगच तो तिला कळायचा. मी जिला सवय म्हणून मोडत होते, तिच्यावरच ती तगली होती. वरून मी सूचना दिली होती, तीही धमकीसकट.

मी बसले. दोन वर्षांत या मुलीजवळ एकदा तरी शांतपणे बसले असते, तर हे आधीच कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेगळ्या रीतीने सुरुवात केली. हिंदीतल्या गणितात उत्तराच्या डोक्यावर दोन ओळी असतात, 'दिया है' आणि 'ज्ञात करना है'. काय दिलंय, काय काढायचंय. त्याला कोणी नावं ठेवत नाही. मी तिला म्हटलं, "उतरव. पण या दोन ओळींत मावेल तेवढंच. गणितातले मीनार, झाड, माणूस सगळे गाळायचे. आकडे घ्यायचे." पहिले दोन दिवस तिला गाळणं जमेना. मीनाराची उंची घ्यायची आणि मीनार सोडायचा, हे तिला चोरी केल्यासारखं वाटायचं. मग हळूहळू हात आवरू लागला. चाराचे सात झाले, साताचे दहा. शेवटच्या सराव पेपरात काठावर पास होण्याइतकं जमलं, तेही वेळ संपता संपता. एक गणित अडलं की सगळं हातचं जाणार होतं. माझा जीव टांगणीला लागला होता. तिचं मला माहीत नाही, ती विचारलं तरी "होईल मॅडम" एवढंच म्हणायची.

गणिताच्या दिवशी गणिताच्या शिक्षकाला परीक्षेच्या कामावर ठेवत नाहीत. मी केंद्राच्या फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. तिथे तिचे वडील होतेच. तिला सोडून ते घरी गेले नव्हते. आम्ही भिंतीच्या सावलीत उभे राहिलो, दोघांच्याही तोंडावर मास्क. आत घंटा झाली. मी मनात हिशोब करू लागले, आता रिकाम्या जागा चालल्या असतील, ती वाक्यं उतरवत नसेल ना.

तासाभराने त्यांनी विचारलं, "मॅडम, खरं सांगा. माही पोरगी हुशार हाये का नाई? घरून लिहे तवा तुमी म्हणे, एक नंबर. शाळा उघडली आन् एकदम काय झालं?"

आता टाळणं मला जमलं नाही. मी सगळं सांगितलं. ती सूचना, का दिली, मागे कशी घेतली नाही, वर तिलाच रागावले, तेही. व्हरांड्यात ते आले होते तेव्हा मला हे माहीत होतं, हेसुद्धा.

त्यांनी गमछा झटकला, खांद्यावर टाकला आणि ते चार पावलं पलीकडे, उन्हात जाऊन उभे राहिले. पुढचे दोन तास ते तिथेच होते. मला ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

ती बाहेर आली ती प्रश्नपत्रिका हातात धरून. मी हिसकावूनच घेतली. "किती राहिले?"

"शेवटचे दोन. बाकी सगळे झाले." तिची बोटं शाईने भरली होती. "मीनारवाला आला होता मॅडम."

वडिलांनी तिचं दप्तर खांद्याला लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "निकाल कसाबी येऊ द्या. हिले अकरावीले टाकतो. पण तुमच्याजवळ नाई."

ती आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मोटरसायकल सुरू झाली. मला फार वाईट वाटलं. त्यांचं चुकलं असं मात्र वाटलं नाही.

निकालात ती गणितात पास झाली, घाईत बरंच चुकून, मोजक्या गुणांनी. दाखला न्यायला ती एकटीच आली. वर्गशिक्षिका मीच, तेव्हा दाखला मलाच भरायचा होता. शाळा सोडण्याचं कारण, या रकान्यात मी 'पालक की इच्छा' असं लिहिलं.

"बाबा सांगत नाई, शाळा कायले बदलवली ते," ती म्हणाली. "तुमाले माहीत हाये का?"

मी तिलाही सांगितलं. फाटकापाशी सांगितलं होतं तेवढंच, जास्त नाही, कमी नाही. ती ऐकत होती आणि टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

"मले तं तुमच्याजवळच शिकाचं होतं," ती म्हणाली. "बाबाले नव्हतं सांगाचं ना मॅडम."

मी दाखल्याची शाई वाळली का ते पाहिलं आणि तो तिच्या हातात दिला.